चार हजार गाण्यांतून नेमकं हवं ते गाणं: मूड आणि प्रकाराचे टॅग लावण्याची पद्धत

रात्री काम करत बसले की मला संथ, शब्द नसलेलं, पण झोप न आणणारं संगीत लागतं. माझ्या साठ्यात अशी निदान दोनशे ध्वनिमुद्रणं होती आणि तरीही मी तीच सात-आठ पुन्हा पुन्हा लावत असे, कारण बाकीची कुठे आहेत ते आठवायचंच नाही. कलाकारांचे फोल्डर होते, अल्बमची नावं होती, पण "संथ, बिनशब्दांचं, जागं ठेवणारं" असं विचारायची सोय कुठेच नव्हती. टॅग लावायचे ते एवढ्यासाठी. आपण मनात ज्या शब्दांनी गाणं शोधतो, त्याच शब्दांनी ते सापडलं पाहिजे.

ही पद्धत स्वतःजवळ फायली असलेल्यांसाठी आहे. सीडीवरून उतरवलेल्या, विकत घेऊन डाउनलोड केलेल्या किंवा स्वतः रेकॉर्ड केलेल्या, कशाही चालतील. स्ट्रीमिंग ॲपमधल्या गाण्यांना आपण टॅग लावू शकत नाही, तिथे प्लेलिस्टवरच भागवावं लागतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रकार आणि मूड यांची सरमिसळ करायची नाही. प्रकार गाण्याच्या घडणीवरून ठरतो: ख्याल, गझल, भावगीत, जॅझ, रॉक. मूड ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचतं त्यावरून ठरतो. एक ठुमरी लाडीक असते, दुसरी काळीज पिळवटते. प्रकार दोन्हींचा एकच. "सॅड गझल", "शांत वाद्यसंगीत", "पार्टी रॉक" असे जोडटॅग एकाच रकान्यात भरले की शंभर गाण्यांनंतर साठ-सत्तर प्रकार तयार होतात आणि त्यातल्या निम्म्यांत दोन-दोन गाणी असतात.

टॅग नेमका असतो कुठे

टॅग म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली माहिती. एमपीथ्री फायलींसाठी हिची पहिली रचना १९९६ मध्ये आली, तिचं नाव आयडीथ्री. ती फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसायची. गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, आणि प्रकारासाठी फक्त १. त्या एका बाइटमध्ये ठरलेल्या यादीतला क्रमांक जायचा. मूळ यादी ८० प्रकारांची होती आणि तिच्यात ० हा क्रमांक ब्लूजचा. म्हणून एखाद्या जुन्या प्रोग्रामने रिकाम्या रकान्यात शून्य लिहून ठेवलं असेल, तर अभंगसुद्धा ब्लूज म्हणून दिसतो. तुमच्या साठ्यात अनपेक्षित ब्लूज निघाला तर कारण बहुधा हेच असतं.

पुढे आयडीथ्रीची दुसरी पिढी आली आणि तिच्या आज दोन आवृत्त्या वापरात आहेत: १९९९ ची २.३ आणि २००० ची २.४. मूडसाठी अधिकृत स्वतंत्र रकाना आला तो २.४ मध्ये. देवनागरी दोन्हींत नीट राहते. पहिल्या पिढीच्या टॅगमध्ये मात्र ती टिकत नाही, प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात. फ्लॅक आणि ऑग या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफायलींची व्यवस्था मला सगळ्यांत सुटसुटीत वाटते: रकान्याला हवं ते नाव द्या, एकच रकाना दोनदा भरा, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षर-पद्धतीत. वेव्ह फायलींमध्ये टॅगचा भरवसा नसतो. त्या फ्लॅकमध्ये बदलून घ्या. आवाजाचा दर्जा जराही कमी होत नाही आणि जागाही वाचते.

हात लावण्याआधी

संपूर्ण साठ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. टॅग लिहिणारं सॉफ्टवेअर एका क्लिकवर हजार फायली बदलतं, आणि चुकीचे अल्बम निवडलेले आहेत हे क्लिक केल्यावरच लक्षात येतं.

मग सगळी गाणी एका मुख्य फोल्डरखाली आणा. आत कलाकार, त्याच्या आत अल्बम, एवढीच रचना पुरे. मूडचे फोल्डर करू नका. फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहू शकते, मूड मात्र दोन असू शकतात. मग त्याच गाण्याच्या प्रती निघत जातात आणि पुढे कुठल्या प्रतीत टॅग सुधारला तेच कळत नाही.

पाया: नाव, कलाकार, अल्बम

मूडकडे वळायच्या आधी साधी माहिती स्वच्छ हवी. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे मोफत सॉफ्टवेअर यात खूप कष्ट वाचवतं. ते फाइलच्या आवाजावरून ठसा काढतं, तो इंटरनेटवरच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहतं आणि नाव, अल्बम, साल सुचवतं. प्रसिद्ध अल्बम पटापट ओळखले जातात. मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी बहुतेकदा ओळखली जात नाहीत, ती हातानेच भरायची. हाताने भरायला विंडोजवर एमपीथ्रीटॅग उत्तम आहे. लिनक्सवर काम करणाऱ्यांनी किडथ्री घ्यावं.

इथे दोन रकान्यांत गल्लत होते. "कलाकार" म्हणजे त्या गाण्याचा गायक किंवा वादक, आणि "अल्बम कलाकार" म्हणजे अख्खा अल्बम ज्याच्या नावावर लावायचा तो. दहा गायकांच्या संकलनात अल्बम कलाकार एकच ठेवला नाही, तर एका अल्बमचे दहा तुकडे दिसतात. संगीतकाराचा रकानाही वेगळा असतो. आपल्याकडे बरेच जण गाणं संगीतकाराच्या नावाने शोधतात, तेव्हा तो भरण्याचा आळस करू नका.

फायलींची नावं बदलायची असतील तर ती याच टप्प्यावर बदला. साधी प्लेलिस्ट म्हणजे फायलींचे पत्ते लिहिलेला मजकूर असतो. नंतर नाव बदललं की तो पत्ता चुकतो आणि गाणं वाजत नाही.

प्रकारांची यादी: आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडू नका. कागद घ्या आणि साठ्यात खरोखर असलेले प्रकार लिहा. बारा ते वीस पुष्कळ झाले. एखादा प्रकार यादीत घ्यायचा की नाही याची माझी कसोटी साधी आहे: "आज मला फक्त हेच ऐकायचंय" असं मी कधी म्हणेन का? "बीबॉप" आणि "कूल जॅझ" यांतला फरक तुम्हाला जाणवत असेल आणि त्यातलं एक मुद्दाम लावावंसं वाटत असेल, तर दोन्ही ठेवा. नसेल तर "जॅझ" पुरे.

"वाद्यसंगीत" हा प्रकार धरू नका. तो शब्द असण्या-नसण्याचा प्रश्न आहे आणि ख्यालापासून रॉकपर्यंत कुठेही येतो. "गायन" नावाचा वेगळा रकाना करून त्यात "आहे" किंवा "नाही" एवढंच लिहा. भाषेचंही तसंच, तिचाही वेगळा रकाना. रागदारी ऐकणाऱ्यांनी "राग" असा आपला रकाना जोडून घ्यावा. प्रकाराच्या जागी "यमन" लिहिलं, तर तीच चीज ख्याल म्हणून शोधताना सापडत नाही.

इंटरनेटवरून आपोआप येणारे प्रकार मी बंद ठेवते. ते अनेकांनी मिळून लावलेले असतात, त्यामुळे एका गाण्याला कधी सात-सात चिकटतात. ते हवेच असतील तर पिकार्डमध्ये एका गाण्याला जास्तीत जास्त किती प्रकार घ्यायचे याची मर्यादा घालता येते. ती २ ठेवा.

आणि शुद्धलेखन. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी साठा बिघडतो तो इथेच. माझ्या जुन्या साठ्यात "गझल", "गजल" आणि नुक्ता दिलेलं "ग़ज़ल" असे तीन वेगळे प्रकार होते, आणि चौथा पुन्हा "गझल"च. तो मला बराच वेळ उमगेना. शेवटी कर्सर शब्दाच्या टोकाला नेला तर तो "ल"च्या पुढे एक घर जाऊन थांबला. मागे एक रिकामी जागा राहिली होती. संगणकाला ते वेगळं नाव. नुक्त्याचं दुखणं आणखी खोल आहे. युनिकोडमध्ये "ज़" हे एक सबंध अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि "ज" अधिक नुक्ता असंही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, शोधताना मात्र जुळतीलच असं नाही. "शांत" आणि "शान्त" तर दिसायलाही वेगळे. म्हणून ठरवलेले शब्द एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा आणि तिथून कॉपी करूनच टाका, किंवा सॉफ्टवेअरच्या यादीतून निवडा. दर वेळी नव्याने टाइप करायचं नाही.

मूडची यादी: दोन प्रश्न, आठ शब्द

मूडचे शब्द सुचायला लागले की थांबत नाहीत. "पावसाळी", "स्वप्नाळू", "आठवणीतलं", "एकटं"... सहा महिन्यांनी "स्वप्नाळू" आणि "तरल" यांत आपणच काय फरक केला होता ते सांगता येत नाही. त्यासाठी एखादा आधार हवा.

जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या: एक सुखद ते असुखद, दुसरा मंद ते उत्तेजित. गाण्याला हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक मूड आपापल्या जागी बसतात. सुखद आणि मंद म्हणजे शांत. सुखद आणि उत्तेजित म्हणजे जोशपूर्ण. असुखद आणि मंद ते उदास, असुखद आणि उत्तेजित ते व्याकूळ. चार कोपरे झाले. मधल्या जागांसाठी मी आणखी चार घेते: प्रसन्न, खेळकर, हळवं आणि गूढ. एकूण आठ. याहून जुना दाखला म्हणजे केट हेव्हनर यांनी १९३६ मध्ये संगीताचं वर्णन करणारी विशेषणं गोळा करून वर्तुळात मांडली, तेव्हा त्यांचेही गट ८ च होते. आणि नाट्यशास्त्रातले मूळ रसही आठ. मी रसांचीच नावं वापरून पाहिली होती. शृंगार आणि करुण भरून गेले, भयानक आणि बीभत्स रिकामेच राहिले. रोजच्या ऐकण्याला ती विभागणी पुरी पडली नाही.

शब्द तुमचेच निवडा. फक्त प्रत्येकापुढे एक ओळ खुलासा लिहा: "हळवं: गोड, पण डोळ्यांत पाणी आणू शकेल असं. नुसतं दुःखी असेल तर उदास." महिन्याभराने ही ओळ फार उपयोगी पडते.

मूडच्या जोडीला "ऊर्जा" नावाचा १ ते ५ आकड्यांचा रकाना ठेवा. एकटं "प्रसन्न" फार पसरट आहे. सकाळी डोळे उघडताना चालणारं प्रसन्न ऊर्जा २ चं, आवराआवर करताना लागणारं ४ चं. ऊर्जेऐवजी दर मिनिटाला किती ठोके हे मोजणारं सॉफ्टवेअर वापरावं असं वाटेल, पण ते अनेकदा दुप्पट किंवा निम्मं मोजतं. ७० ठोक्यांचं संथ गाणं १४० दाखवतं. शिवाय जलद ठेक्याचं गाणंही ऐकायला निवांत असू शकतं. कानाने दिलेला आकडा जास्त भरवशाचा.

काम, प्रवास, व्यायाम, झोप हे मूड नव्हेत, ते प्रसंग. ते वेगळ्या रकान्यात ठेवा, किंवा ठेवूच नका, कारण मूड आणि ऊर्जा नीट भरलेली असली की प्रसंग त्यातूनच निघतो.

कुठला रकाना वापरायचा

गाणी लावायच्या आणि साठा सांभाळायच्या सॉफ्टवेअरपैकी म्युझिकबीमध्ये मूड आणि प्रसंग असे तयार रकाने आहेत. फूबार२००० या तशाच सॉफ्टवेअरमध्ये हवे ते रकाने जोडता येतात. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये मूडचा रकाना नाही, तिथे "ग्रुपिंग" किंवा "कॉमेंट्स" वापरावा लागतो. ग्रुपिंगमध्ये "शांत ऊर्जा२ गायननाही" असे शब्द ठरलेल्या क्रमाने लिहिले की "यात हा शब्द आहे" अशा अटीने ते शोधता येतात.

एका रकान्यात दोन मूड लिहायचे असतील तर मधली खूण जपून निवडा. आयडीथ्रीच्या २.३ आवृत्तीत तिरपी रेघ ही दोन मूल्यांमधली खूण मानली जाते. त्यामुळेच एसी/डीसी या बँडचे काही प्लेअर दोन कलाकार करतात. अर्धविराम बरा, म्युझिकबी तोच वापरतं. जुन्या प्लेअरवरही ऐकणार असाल तर टॅग २.३ मध्ये लिहा आणि मूडसाठी स्वतःचा रकाना जोडा, ती सोय २.३ मध्येही आहे.

टॅग फाइलमध्ये लिहिला जातोय ना, हेही तपासा. काही प्रोग्राम माहिती फक्त स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, तारांकन तर हमखास. संगणक बदलला की ती सगळी मेहनत तिथेच राहते.

म्हणून चाचणी: तीन गाणी घ्या, एक एमपीथ्री, एक फ्लॅक, एक एमफोरए. तिन्हींना देवनागरीत पूर्ण टॅग लावा आणि तुम्ही जिथे जिथे ऐकता, संगणक, फोन, गाडीतला प्लेअर, तिथे नेऊन पाहा. अक्षरं नीट दिसतात का? मूडवरून शोधता येतं का? ही अर्ध्या तासाची चाचणी झाल्याशिवाय चौथ्या गाण्याला हात लावू नका.

प्रत्यक्ष टॅग लावणं

हिशेब आधी करू. चार हजार गाणी, एकेका गाण्याला वीस सेकंद धरले तरी बावीस तासांहून जास्त होतात. हे एका बैठकीत होण्यासारखं नाही आणि करूही नये.

प्रकार अल्बमवार लावा. एमपीथ्रीटॅगमध्ये अल्बममधली सगळी गाणी निवडून प्रकाराच्या चौकटीत एकदाच शब्द टाकायचा आणि सेव्ह करायचं. दोन-तीन संध्याकाळींत अख्खा साठा होतो.

मूड मात्र एकेका गाण्याचा, आणि ऐकूनच. एका वेळी पंचवीस गाणी, त्याहून जास्त नको. प्रत्येक गाणं तीन ठिकाणी ऐका: सुरुवातीनंतर अर्ध्या मिनिटाने, मध्यावर आणि शेवट यायच्या थोडं आधी. सुरुवातीवर जाऊ नका. मोठ्या वाद्यवृंदाने उघडणारी कितीतरी गाणी पुढे दोन वाद्यांवर येतात. नावावरून किंवा शब्दांवरून तर अजिबात ठरवू नका. विरहाचे शब्द उडत्या चालीत बांधलेले असतात आणि ऐकताना आधी चाल पोचते.

एकदा मी थकलेली असताना रात्री बसून जवळजवळ तीनशे गाणी संपवली. दुसऱ्या आठवड्यात "उदास" ची यादी लावली तर त्यात निम्मी गाणी निव्वळ शांत होती. त्या रात्री उदास मी होते. तेव्हापासून टॅग दिवसा लावते, आणि आठवड्याने त्यातली दहा गाणी जुना टॅग न बघता पुन्हा तपासते. दहांत आठ जुळली तर ठीक. त्याहून कमी जुळली तर बहुतेक वेळा दोन शब्द एकमेकांच्या फार जवळ असतात. माझ्याकडे "निवांत" आणि "शांत" असे दोन होते, त्यातला एक काढल्यावर गोंधळ मिटला.

लांब ध्वनिमुद्रणांचं काय करायचं? चाळीस मिनिटांचं बासरीवादन घ्या. पहिली पंधरा मिनिटं आलाप, तबला नाही, ऊर्जा १. शेवटची दहा मिनिटं द्रुत, म्हणजे जलद लय, आणि "झाला" हा सगळ्यांत वेगवान शेवटचा भाग, ऊर्जा ५. सरासरी काढून ३ लिहिलं तर ते कुठल्याच यादीत शोभत नाही. झोपायच्या यादीत टाकलं तर शेवटी जागं करतं, व्यायामाच्या यादीत टाकलं तर पाव तास काही घडत नाही. मी अशांना मूडमध्ये "चढतं" असा नववा शब्द देते आणि आपोआप बनणाऱ्या याद्यांतून तो वगळते. ते सलग, निवांत बसून ऐकायचं संगीत आहे. नुसता आलाप हवाच असेल तर प्रतीवर काम करून फाइलचे दोन भाग करा. एमपीथ्री पुन्हा एन्कोड न करता कापणारी साधनं मिळतात, त्याने आवाज बिघडत नाही.

सगळ्याच गाण्यांना मूड लावायचा अट्टहास नको. गेल्या वर्षभरात ऐकलेल्यांपासून सुरुवात करा. रिकामा रकाना चुकीच्या टॅगपेक्षा बरा, कारण रिकामी गाणी पुढे शोधून काढता येतात.

आता याद्या आपोआप

एवढ्या कष्टांचं फळ इथे मिळतं. म्युझिकबी, फूबार२०००, ॲपलचं म्युझिक ॲप यांत अटी लिहून प्लेलिस्ट बनवता येते. टॅग बदलला की यादी आपोआप बदलते. माझी रात्रीच्या कामाची यादी अशी आहे: मूड "शांत" किंवा "गूढ", ऊर्जा २ किंवा ३, गायन "नाही", गेल्या १४ दिवसांत न वाजलेलं, एकूण ४० गाणी. ती १४ दिवसांची अट विसरू नका. तीच तीच गाणी पुढे येणं तिच्यामुळे थांबतं आणि साठ्याच्या तळातली गाणी वर येतात.

सुरुवातीला अटी कमी ठेवा. यादीत पाचच गाणी आली तर एकेक अट काढून पाहा, म्हणजे कुठली अट गळा आवळतेय ते कळेल. बऱ्याचदा त्या मूडची गाणी असतात, पण "गायन" चा रकाना भरायचा राहिलेला असतो.

मूडच्या यादीत वेगवेगळ्या काळातली ध्वनिमुद्रणं शेजारी येतात आणि आवाजाची पातळी उडी मारते. शांत यादीत मध्येच एक गाणं दणकन वाजलं की सगळंच विस्कटतं. त्यावर रीप्लेगेन हा उपाय आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याची पातळी मोजून आकडा टॅगमध्ये लिहितं आणि वाजवताना प्लेअर तेवढा आवाज कमी-जास्त करतो. मूळ ध्वनी बदलत नाही. फूबार२००० मध्ये सगळी गाणी निवडून रात्रभर मोजणी लावून ठेवली तरी चालतं.

नवी गाणी आली की

मुख्य साठ्याबाहेर "नवीन" नावाचा एक फोल्डर ठेवा. येणारं प्रत्येक गाणं आधी तिथे. तिथेच नाव, कलाकार, प्रकार भरायचा, दोन-चार वेळा ऐकून मूड लावायचा आणि मगच आत हलवायचं. महिन्यातून एकदा सॉफ्टवेअरमध्ये प्रकार आणि मूड यांच्या याद्या उघडून पाहा; एखाद्या शब्दासमोर एकच गाणं दिसलं तर ती टाइप करतानाची चूक असते. तेव्हाच बाहेरच्या डिस्कवरची प्रतही ताजी करून घ्या. जुनी तिथेच राहू द्या, नवी तिच्या शेजारी तारीख घालून ठेवा.